होस्ट फॅमिली : यजमान, पालक की आणखी काही?

प्रश्न : माझी भाची विद्यार्थी-विनिमयातून जपानच्या एका हायस्कूलमध्ये शिकायला जाते आहे. राहणार एका जपानी कुटुंबात. आजीला 'यजमान कुटुंब' असं सांगितलं, तर आजी विचारते, "यजमान? कुणाचे?" होस्ट फॅमिलीला नेटका मराठी शब्द आहे का? जपानीत काय म्हणतात?

– जपानीत इंग्रजी शब्दच घेतलाय, 'होसुतो फामिरी'. पण घरात हाक मारताना आई ती 'ओकाआसान' आणि वडील ते 'ओतोओसान'. आजींची शंका मात्र रास्त आहे. यजमान म्हणजे मुळात यज्ञ करणारा, पुढे घरधनी, पाहुणचार करणारा आणि नवराही. जपानी 'शुजिन'चा पसारा असाच आहे : घरचा धनी, पाहुण्याचा यजमान, आणि बाई बाहेरच्यांशी बोलताना नवऱ्याला म्हणते तोही शुजिन. नवऱ्यासाठी दुसरा शब्द 'दान्ना'. तो तर आपल्या 'दान'वरून बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे गेलेला.

– मग 'ओसेवा नि नारिमासु'मधला 'सेवा'ही संस्कृतच का? भाचीला हे वाक्य पाठ करायला दिलंय.

– नाही, तिथे फक्त उच्चार जुळतो. जपानी 'सेवा' म्हणजे दुसऱ्याची देखभाल. "आता तुम्ही माझं सगळं बघणार आहात" असा त्या वाक्याचा भाव. पहिल्या दिवशी हे म्हणायचं, निरोप घेताना तेच भूतकाळात : 'ओसेवा नि नारिमाशिता'.

– मला 'यजमान' नकोच वाटतो. यजमान म्हटला की समोर पाहुणा आला, आणि ही मुलं पाहुणी नसतात. दारातले शब्द बघा. पाहुणा आत येताना 'ओजामाशिमासु' म्हणतो, म्हणजे तुम्हाला व्यत्यय आणतोय. घरचं माणूस शाळेतून आलं की 'तादाइमा' म्हणतं, आतून 'ओकाएरी' येतं. सकाळी निघताना 'इत्तेकिमासु', अगदी आपलं 'जाऊन येते', आणि उत्तर 'इत्तेराश्शाई', जाऊन ये. होस्ट फॅमिलीत राहणारी मुलगी हे घरचे शब्द बोलते. मराठी शब्द निवडताना एवढं तरी जपायला हवं.

– 'पालक कुटुंब' चालेल?

– त्यातून आईवडील नसलेल्या मुलाला सांभाळणारं घर असा अर्थ निघतो. हिचे आईबाबा इथे आहेत.

– 'पेइंग गेस्ट'ही नको. एएफएस किंवा रोटरी या संस्थांच्या विद्यार्थी-विनिमयात ही कुटुंबं विद्यार्थ्याकडून भाडं घेत नाहीत. पैसे देऊन राहणं म्हणजे 'गेशुकु', ते वेगळं. रोटरीत तर वर्षभरात बहुधा एकाहून जास्त घरं होतात. मी सरळ 'जपानचं घर', 'तिकडची आई' असं म्हणेन. अर्जात हवं तर 'यजमान कुटुंब' लिहा, कागदावर ते खपतं.

– आजीला 'जपानचं घर' लगेच पटलं! त्या घरात एक आजीही आहेत. त्यांना काय म्हणायचं?

– 'ओबाआसान'. 'बा' नीट लांबवायला सांगा. तो आखडला की 'ओबासान' होतं, म्हणजे काकू किंवा मावशी. लाडाने 'ओबाआचान'. आधी दोन दिवस घरातली मुलं काय हाक मारतात ते ऐकावं आणि तीच उचलावी.