कॉर्नियाची सूज : रोपण नको असेल तर

ताई, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबांच्या कॉर्नियावर (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर) सूज राहिली, त्यावरचे फोड फुटले की ठणका लागतो आणि या वयात कॉर्नियाचं रोपण नको म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या आधी उत्तर देणाऱ्या सगळ्यांनी 5 टक्के सोडियम क्लोराइडचे थेंब सांगितलेत. ते पाणी ओढून घेतात, सूज थोडी उतरते. रात्री त्याचंच मलम. पण कॉर्नियातलं पाणी बाहेर काढणाऱ्या आतल्या थरातल्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत, त्यामुळे जुन्या आजारात नुसत्या थेंबांवर फार भागत नाही.

सकाळी जास्त धूसर दिसतं ना? झोपेत पापणी मिटलेली, बाष्पीभवन बंद, म्हणून पाणी साचतं. नागपूरच्या उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत दुपारपर्यंत जरा निवळतंही.

दुखण्यासाठी मला महत्त्वाची वाटते ती बँडेज लेन्स, म्हणजे कॉर्नियावर पट्टीसारखी बसवायची मऊ कॉन्टॅक्ट लेन्स. उघड्या नसांना पापणी घासत नाही, आराम लवकर पडतो. मात्र जंतुसंसर्गाची भीती असते, तपासणी चुकवू नका. तेवढ्यानं भागलं नाही तर गर्भवेष्टनाचा (गर्भाभोवतीच्या पिशवीचा) पातळ पडदा कॉर्नियावर बसवतात. नजर सुधारत नाही, वेदना कमी होतात. नागपूरच्या मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) नेत्ररोग विभागात हे दोन्ही नाव घेऊन विचारा.

आणि कृपा करून, बधिर करणारे थेंब घरी अजिबात वापरू नका. त्यानं कॉर्निया विरघळू शकतो.