टूलचा 'फिअर इनॉक्युलम': सगळी गाणी सारखीच का वाटतात?

स्वरवेडा
टूल या अमेरिकन मेटल बँडचा '१०,००० डेज' हा अल्बम २००६ चा. त्यानंतर तेरा वर्षांनी, ३० ऑगस्ट २०१९ ला 'फिअर इनॉक्युलम' आला आणि तेव्हापासून चाहत्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो सर्वोत्तम, दुसरा म्हणतो एकच गाणं सात वेळा वाजवलंय. जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सीडीवर सात आणि मोबाइलवर दहा ट्रॅक कसे? 'न्यूमा' या गाण्याचा ठेका हातावर धरता येत नाही, तो कसा मोजायचा? आणि व्हिडिओचा छोटा पडदा असलेला सीडीचा पहिला बॉक्स आता जुन्या बाजारात घ्यावा का?

मात्रामोजणी
ठेक्यापासून सुरुवात करू, कारण 'सगळं सारखं' ही तक्रार बऱ्याच अंशी तिथूनच येते. 'न्यूमा'च्या मुख्य रिफचं (गिटारवर परत परत येणाऱ्या तुकड्याचं) आवर्तन ३३ मात्रांचं आहे (मात्रा म्हणजे इथे पाश्चात्त्य पद्धतीतली 'एट्थ नोट', साध्या ठोक्याच्या निम्मी). चारचारच्या हिशेबाने पाय आपटत बसलात तर दुसऱ्या आवर्तनातच घसरता. असं करा: आधी टाळी अजिबात देऊ नका. रिफ पहिल्यापासून पुन्हा सुरू होतो ती जागा, म्हणजे सम, नुसत्या कानाने पक्की करा. चार-पाच आवर्तनं न चुकता सम सापडली की मग दर दोन मात्रांना टाळी द्या. ३३ विषम असल्यामुळे पहिल्या आवर्तनात सम टाळीवर येईल, दुसऱ्यात दोन टाळ्यांच्या मधोमध, आणि ६६ मात्रांनंतर पुन्हा टाळीवर. ते उलटणं म्हणजे तुमची चूक नव्हे. गाण्याची सगळी ओढ त्यातच आहे.

शेवटच्या 'टेम्पेस्ट'मध्ये (नावात टी ऐवजी ७ चा आकडा आहे) रिफ २१ मात्रांचा आहे. २१ म्हणजे रूपकाची तीन आवर्तनं हे खरं, पण रूपकाचे बोल त्यावर बसवायला जाऊ नका, आघात वेगळ्या जागी पडतात. फक्त सम धरा.

'न्यूमा'च्या मधल्या भागातला तबल्यासारखा आवाज टूलचा ड्रमर डॅनी कॅरी मंडाला पॅडवर (इलेक्ट्रॉनिक ड्रम पॅडवर) काढतो. त्याने तबल्याची तालीम आलोक दत्त यांच्याकडे घेतली आहे. टूलच्याच २००० च्या 'सॅलिव्हल' या संचातल्या 'पुशिट'च्या थेट मैफिलीत तबला दत्तांचाच आहे. तो आधी ऐका, मग 'न्यूमा' ऐका. हात कुठून आलाय ते लगेच कळतं.

फीतवाला
ट्रॅकचं उत्तर सोपं आहे: जागा. सीडीवरच्या सात ट्रॅकची बेरीज ७९ मिनिटं १० सेकंद होते आणि सीडीत साधारण ८० मिनिटं मावतात. डिजिटल आवृत्तीत तीन छोटे वाद्यतुकडे जास्तीचे आहेत, २:१४, ३:०९ आणि २:०५ चे, म्हणून ती ८६:३८ ची. पहिला तुकडा 'न्यूमा'नंतर, दुसरा 'इन्व्हिन्सिबल'नंतर, तिसरा अगदी शेवटी. पहिल्या ऐकण्याला सीडीचा क्रमच घ्या, 'टेम्पेस्ट'वर संपणारा. त्यानंतर काही लागत नाही.

मोबाइलवर ऐकताना दोन सेटिंग बघा. क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणारं सेटिंग) बंद करा, नाहीतर एका गाण्याची विरत जाणारी शेपूट पुढच्याच्या सुरुवातीवर चढते, आणि इथे सुरुवाती फार हळू आवाजात आहेत. आवाज समान करणारं सेटिंग चालू असेल तर ते अल्बमनुसार ठेवा. गाण्यानुसार ठेवलं की शांत तुकडे उगाच मोठे होतात. बॉब लुडविग यांच्या मास्टरिंगमध्ये (ध्वनिमुद्रणावरच्या शेवटच्या संस्कारात) हळू-मोठ्याची जी उतरंड आहे, तीच मोडते.

बेसगिटार_कोल्हापूर
ठेका मोजून सगळ्या तक्रारी मिटत नाहीत. बहुतेक रिफ गिटारच्या खालच्या डी तारेभोवतीच फिरतात. जवळजवळ प्रत्येक लांब गाणं हळू सुरू होऊन दहा मिनिटांनी शिखर गाठतं. शिवाय टूलमध्ये वाद्यं आधी पक्की होतात, गायक कीननचे शब्द नंतर बसतात. या वेळी त्याने गळा बराच आवरून वापरलाय. 'इन्व्हिन्सिबल'ला ते शोभतं, कारण विषयच थकत चाललेल्या योद्ध्याचा आहे. 'कलिंग व्हॉइसेस'ला मात्र पहिली सहा मिनिटं काही घडतच नाही असं वाटत राहतं.

'टेम्पेस्ट' वेगळा. १५:४३ लांबीचा असूनही ॲडम जोन्सची गिटार कुठे थांबत नाही. २०२० चं मेटल वादनाचं ग्रॅमी त्याला मिळालं ते योग्यच. ज्यांना अल्बम सपाट वाटला त्यांनी उलटीकडून ऐकावा: आधी 'टेम्पेस्ट', मग 'डिसेंडिंग', मग 'न्यूमा'.

मात्रामोजणी
'कलिंग व्हॉइसेस'बद्दल सहमत. 'चॉकलेट चिप ट्रिप' या ड्रमच्या तुकड्याला मात्र भरताड म्हणू नका. खाली सिंथचं (इलेक्ट्रॉनिक की-बोर्डचं) एकच चक्र फिरत राहतं आणि वर ड्रम मोकळे सुटतात. आपल्याकडे लेहऱ्यावर एकल तबला वाजतो, तसं ऐका. त्याची ४:४८ मिनिटं कमी वाटतील.

फीतवाला
आता बॉक्स. त्यात ४ इंची पडदा, २ वॅटचा स्पीकर, चार्जिंगची केबल, ३६ पानी पुस्तिका, सीडी आणि डाउनलोडचं कार्ड होतं. घेण्याआधी विक्रेत्याकडून पडदा चालू असतानाचा व्हिडिओ मागवा, नुसता फोटो नको. आतली बॅटरी वर्षानुवर्षं रिकामी पडून राहिली तर पुन्हा चार्ज धरेलच असं नाही, आणि ती बदलायची तर सगळं उघडावं लागतं. चांगला नग मिळाला तर दोन-तीन महिन्यांनी एकदा अर्धा चार्ज करा, पूर्ण भरून कपाटात ठेवू नका. बॅटरी फुगून कव्हर वर आलेलं दिसलं तर घेऊच नका. कार्डावरचा कोड आधीच वापरला गेलाय असं धरूनच भाव करा.

निव्वळ ऐकण्यासाठी हवा असेल तर २०२२ च्या तबकड्या (व्हिनाइल) जास्त बऱ्या. पाच तबकड्या, प्रत्येकी १८० ग्रॅम, संगीत एकाच बाजूला आणि दुसऱ्या बाजूवर कोरीव नक्षी. ही चैन वाटते, पण या लांबीची दोन गाणी एका बाजूवर घातली तर २२-२६ मिनिटं होतात आणि आवाजाची पातळी उतरवावी लागते. विकत घेताना नक्षीच्या बाजूवर सुई टेकवल्याच्या खुणा आहेत का तेही बघा. तिथे खाचाच नाहीत, त्यामुळे कोणी चुकून वाजवायचा प्रयत्न केला असेल तर सुईही खराब झालेली असू शकते. प्लेअरही सोबत विकत असतील तर त्याची सुई बदलूनच घ्या.