फुलणारी गोळी : युद्धात बंदी, मग पोलिसांना का चालावी?

आडवाटेचा
कोलकात्याजवळ डमडमला इंग्रजांचा दारूगोळ्याचा कारखाना होता. तिथे 1890 च्या दशकात कॅप्टन बर्टी-क्लेने रायफलच्या .303 गोळीच्या टोकावरचं आवरण किंचित कमी करून आतलं शिसं उघडं ठेवलं. असं शिसं अंगात शिरलं की पसरतं आणि जखम रुंदावते. हा उद्योग करायचं कारण म्हणजे 1895 ची वायव्य सरहद्दीवरची चित्रालची मोहीम. पूर्ण आवरणाची गोळी आरपार जाते आणि टोळीवाला तरी धावत अंगावर येतो, अशी गोऱ्या सैन्याची तक्रार होती. पुढे 1899 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलं की शरीरात सहज पसरणारी किंवा चपटी होणारी गोळी युद्धात वापरायची नाही. ब्रिटनने हे मान्य केलं 1907 मध्ये.

आता गंमत बघा. त्याच ब्रिटनने 1910 मध्ये .303 ची मार्क 7 गोळी आणली. आवरण टोकापर्यंत अखंड, कायद्याला बोट दाखवायला जागा नाही. पण गाभ्याचा पुढचा भाग शिशाऐवजी ॲल्युमिनियमचा! वजन मागे सरकलं, त्यामुळे अंगात शिरली की ही गोळी कोलांटी घ्यायची. म्हणजे बंदी आली ती गोळीच्या घडणीवर, जखमेवर नाही. माझं म्हणणं सरळ आहे : हेगचा नियम युद्धापुरता होता. गर्दीच्या शहरात पोलिसांच्या पिस्तुलात हॉलो पॉइंट, म्हणजे अंगात फुलणारी गोळीच हवी, कारण ती बहुधा आरपार जात नाही. मागे उभ्या असलेल्या माणसाचा जीव वाचतो.

कलम_बहाद्दर
पूर्ण असहमत. हेगमध्ये ब्रिटनची बाजू मांडणाऱ्या जनरल आर्डाने काय युक्तिवाद केला होता, ते तुम्ही सोयीस्कर गाळलंत. सुधारलेल्या देशाचा सैनिक गोळी लागली की थांबतो, ‘रानटी’ माणूस थांबत नाही, म्हणून त्याच्यासाठी वेगळी गोळी! ‘समोरचा साध्या गोळीने थांबत नाही’ हेच आज पोलिसांच्या बाबतीत ऐकतोय. फक्त टोळीवाल्याच्या जागी गुंड आला.

नळी_आणि_आटे
भांडा खुशाल, पण आधी गोळीचं काय होतं ते बघू. नळीतल्या आट्यांमुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि हवेत सरळ राहते. शरीर हवेपेक्षा आठशे-नऊशे पट दाट. तिथे ही फिरकी अपुरी पडते आणि रायफलची टोकदार गोळी आडवी होऊन शेवटी बूड पुढे करते. किती आत गेल्यावर, यावर सगळं अवलंबून. एके-47 ची लोखंडी गाभ्याची जुनी गोळी जिलेटिनमध्ये (चाचणीत शरीराच्या जागी हेच वापरतात) जवळजवळ 25 सेंमी सरळ जाते. म्हणजे कित्येकदा हात-पाय ओलांडून बाहेरच. अमेरिकेची व्हिएतनामच्या काळातली 5.56 मिमीची रायफलची गोळी साधारण 12 सेंमीवर आडवी व्हायची आणि वेग पुरेसा असेल तर आवरणावरच्या खाचेपाशी मोडून तुकडे व्हायचे. हेगच्या शब्दांत बसणारी, पण डमडमच्या गोळीपेक्षा सौम्य म्हणता येणार नाही. या मुद्द्यावर आडवाटेचा यांच्याशी सहमत.

पिस्तुलाची गोष्ट वेगळी. वेग कमी, गोळी बुटकी. हॉलो पॉइंटच्या टोकाला खळगा असतो; त्यात ओला ऊतक घुसतो, दाब येतो, आवरण पाकळ्यांसारखं मागे वळतं आणि 9 मिमीची गोळी 14-15 मिमी होते. पण वाटेत जाड कपडा आला तर? जीन्सच्या चार पदरांतून जिलेटिनमध्ये मारलेली अशी गोळी मी हातात घेऊन पाहिली आहे. खळग्यात निळ्या धाग्यांचा बोळा गच्च बसलेला, पाकळी एकही उघडलेली नाही. पुढे ती साध्या गोळीसारखीच गेली. त्यामुळे ‘आरपार जात नाही’ हे छातीठोकपणे सांगू नका.

बंड्या
एवढं कशाला? सिनेमात गोळी लागली की माणूस चार फूट मागे उडतो, तशी घ्या 😄

नळी_आणि_आटे
@बंड्या, गणित कर. 8 ग्रॅमची गोळी, सेकंदाला 360 मीटर, समोर 70 किलोचा माणूस. सगळा संवेग त्याला मिळाला तरी वेग येतो सेकंदाला 4 सेंमी. उडायचंच असेल तर झाडणारासुद्धा तेवढाच उडेल.

टाके_आणि_चिमटे
शल्यचिकित्सक म्हणून एकच. फुललेल्या गोळीच्या पाकळ्यांच्या कडा धारदार असतात, जखमेत बोट घालताना हातमोजा फाटू शकतो. बाकी जखम कुठे आहे हे गोळीच्या जातीपेक्षा महत्त्वाचं. मोठी रक्तवाहिनी तुटली तर साधी गोळीही पुरते.

आडवाटेचा
डॉक्टर, मान्य. पण मुद्दा खोलीचा आहे. 1986 च्या मायामीच्या चकमकीत एफबीआयची फुलणारी 9 मिमी गोळी हल्लेखोराच्या दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडे थांबली. तो लढत राहिला, दोन एजंट गेले. त्यानंतर त्यांनी गोळी जिलेटिनमध्ये 30 ते 45 सेंमी आत जावी, हे माप ठरवलं. साधी 9 मिमी 60 सेंमीच्याही पुढे जाते. ती जादा खोली रस्त्यावरच्या कुणाच्या तरी वाट्याला येणार ना? न्यूयॉर्क पोलिसांनी 1998 मध्ये याच कारणासाठी साधी गोळी बदलून हॉलो पॉइंट घेतली.

जुना_शिपाई
साहेब, नेम चुकलेली गोळी कुठल्या जातीची यानं काय फरक पडतो? माणसाला लागलीच नाही तर ती फुलणार कशात? गर्दीत बघ्याला लागते ती बऱ्याचदा हीच. 26/11 ला सीएसटीवर आमच्यातल्या काहींच्या हातात जुनी .303 रायफल होती. महागडी काडतुसं घेण्याआधी सरावाला पुरेशी द्या. सरावाची आणि कामाची गोळी एकच पाहिजे, हेही लिहून ठेवा.

कलम_बहाद्दर
जुने शिपाई बरोबर बोलले. आणखी एक. 2010 मध्ये कंपालाच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम करारातली पसरणाऱ्या गोळीची तरतूद अंतर्गत सशस्त्र संघर्षालाही लावली. भारत त्या करारात नाही, ठाऊक आहे. पण तुमचा ‘युद्धापुरता’ हा आधार तिथे डळमळतो. गडचिरोलीच्या जंगलात सी-60 या नक्षलविरोधी पथकाचा जवान पोलीस की सैनिक? त्याच्या पिस्तुलात कुठली गोळी घालणार?

आडवाटेचा
जंगलात गर्दी नाही, तिथे माझा युक्तिवादच लागू होत नाही. साधी गोळी. मी दादर स्टेशनबद्दल बोलतोय.

कलम_बहाद्दर
आणि तोच जवान बदलीवर दादरला आला की?

जुना_शिपाई
तर आधी स्टोअरला अर्ज करेल. काडतूस मिळेपर्यंत पुढची बदली.