मदत हवी आहे: बाईक रिकॉलमध्ये आहे, पण सर्व्हिस सेंटर दाद देत नाही

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाची बाईक कंपनीने पुढच्या ब्रेकच्या पाइपसाठी रिकॉल केली आहे, म्हणजे दोष दुरुस्त करायला परत बोलावली आहे. कंपनीच्या साइटवर चेसिस नंबर टाकला की गाडी यादीत दिसते. पण सेंटरवाले म्हणतात, "पार्ट आला की फोन करू." लेखी द्या म्हटलं की टाळाटाळ.

पाइप कॅलिपरला (चाकाजवळ ब्रेक पॅड दाबणारा भाग) जोडतात तिथे बोट फिरवलं की ब्रेक ऑइल लागतं. लिव्हर दाबला की पार हँडलला टेकतो. याच गाडीवर तो भांडुपहून जेव्हीएलआरने (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) अंधेरीला जायचा, तेही भर पावसात. मी चावी काढून घेतली आहे. चिडलाय, चिडू दे.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने रिकॉलचं कलम ११०अ आलं, नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतली गाडी त्यात बसते, आमची बसते.

अडचण अशी की गाडी सेकंड हँड आहे, पासिंग नाशिकचं. सेंटरवाला म्हणतो, पहिल्या मालकाला घेऊन या. रिकॉल तर चेसिस नंबरवर असतो ना? मुंबईत कोणाला असा अनुभव आलाय का? परिवहन मंत्रालयाच्या पोर्टलवर किंवा ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार केल्यावर काम हललं का? पाइप बाहेरून बदलून घेतला तर बिलाचे पैसे कंपनीकडून मिळतात का? आणि गाडी टेम्पोत घालूनच न्यावी लागेल, त्याचं भाडं कोणी वसूल केलंय का?