वेळापत्रक नसलेल्या बारा गाड्यांच्या सेवेसाठी ॲप कसे असावे?

प्रश्न
एका लहान प्रवासी सेवेसाठी आम्ही काही मित्र मोबाइल ॲप तयार करत आहोत. गाड्या बारा, मार्ग तीन. गाडी भरली की सुटते आणि प्रवासी हात दाखवेल तिथे थांबते. गाडी कुठवर आली आहे, एवढे वाट पाहणाऱ्याला कळावे, हीच आमची अपेक्षा आहे. प्रत्येक गाडीत जीपीएस यंत्र बसवण्याइतका निधी नाही. चालकाच्या फोनवर भागेल का? आणि वेळापत्रकच नसताना माहिती कोणत्या स्वरूपात साठवावी?

प्रतिसाद १
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. अमेरिकेतील पोर्टलँड शहराची वाहतूक संस्था आणि गूगल यांच्या २००५ मधील कामातून निघालेल्या जीटीएफएस या सार्वजनिक वाहतुकीची माहिती साठवण्याच्या स्वरूपात ठरावीक वेळांऐवजी ‘अमुक वेळेत साधारण दर पंधरा मिनिटांनी’ अशी वारंवारता देता येते, आणि वाटेत कुठेही चढण्या-उतरण्याची सोयही नोंदवता येते. केनियातील नैरोबीत मटाटूंचे, म्हणजे तिथल्या खासगी मिनीबसचे, शंभराहून अधिक मार्ग विद्यार्थ्यांनी स्वतः प्रवास करून फोनवर नोंदवले आणि त्यावरून २०१४ मध्ये नकाशा प्रसिद्ध झाला. तुमचे तीन मार्ग एका दिवसात नोंदवून होतील. ही माहिती खुली ठेवल्यास इतर प्रवास-नियोजक ॲपही ती वापरू शकतील. मग स्वतंत्र नकाशा करण्याचा खटाटोप कदाचित लागणारही नाही.

प्रतिसाद २
चालकाच्या फोनवर भागते, पण मी अशा एका प्रयोगात होतो आणि तो पहिल्या महिन्यातच थंडावला. काचेजवळ उन्हात ठेवलेला फोन तापतो, बॅटरी वाचवण्यासाठी फोनची प्रणाली मागे चाललेले ॲप परस्पर बंद करते, या अडचणींवर चार्जर आणि योग्य सेटिंग हे उपाय आहेत. खरी अडचण अशी होती की चालकांना ते ॲप म्हणजे मालकाने ठेवलेली पाळत वाटत असे, आणि तसे वाटण्यात त्यांची चूक नव्हती, कारण त्यांना त्यातून काहीच मिळत नव्हते. ज्याची कमाई प्रवाशांवर अवलंबून आहे, त्याला पुढची गाडी किती मिनिटांपूर्वी गेली हे कळणे फार मोलाचे असते. उशीर झालेल्या गाडीला वाटेत जास्त प्रवासी मिळतात, त्यामुळे ती आणखी रेंगाळते आणि मागची जवळजवळ रिकामी गाडी तिला येऊन चिकटते. पुढच्या गाडीपासूनचे अंतर आधी चालकाला दाखवा, म्हणजे ॲप चालू ठेवण्याची आठवण करून द्यावी लागणार नाही.

प्रश्नकर्ता
हा विचार आम्ही केलाच नव्हता. आता एकच शंका उरते: फोन मध्येच बंद पडला, तर जुन्या फेऱ्यांवरून अंदाजे वेळ दाखवावी का?

प्रतिसाद ३
दाखवू नका. पडद्यावर दिसणारी गाडी रस्त्यावर आलीच नाही, तर प्रवासी त्या ॲपवर पुन्हा विश्वास ठेवत नाही. भरल्यावर सुटणाऱ्या सेवेत ‘तीन मिनिटांत येईल’ हा निव्वळ तर्क असतो. ‘चार मिनिटांपूर्वी पुलाजवळ होती’ ही वस्तुस्थिती असते आणि रोजचा प्रवासी पुढचा हिशेब आपसूक करतो. ठरावीक काळात नवी नोंद आली नाही, तर गाडी पडद्यावरून काढून टाका आणि ‘सध्या माहिती नाही’ असे स्पष्ट लिहा. गाडी शेवटी कुठे होती हे एसएमएसनेही पाठवता आले, तर साधा फोन असलेल्यांचीही सोय होईल.