घरी शिकणाऱ्या मुलांसाठी मराठी लेखनाचा अभ्यासक्रम कोणता घ्यावा?

नमस्कार, मदत हवी आहे. आम्ही इंदूरला राहतो. मुलगी १० वर्षांची, मुलगा ७ चा, दोघं घरीच शिकतात. पुढे मुक्त विद्यालयातून दहावी द्यायची आहे, त्याला किमान वय १४ लागतं, म्हणजे हाताशी वेळ आहे.

अडचण लेखनाची. बोलतात छान मराठी, पण बाहेर सगळं हिंदी. लिपी एकच असल्यामुळे गोंधळ जास्त होतो. मुलगी ‘कवि’, ‘शक्ति’ असंच ऱ्हस्व लिहिते; हिंदीत ते बरोबर, मराठीत ‘कवी’, ‘शक्ती’. ‘ळ’च्या जागी तर सर्रास ‘ल’.

बालभारतीची पुस्तकं उतरवून घेतली. धडे सुंदर आहेत, पण लेखनाचे स्वाध्याय वर्गात बाई समजावतील असं धरून दिलेत. रोज श्रुतलेखन घेतलं तर शुद्धलेखन सुधारतं, मात्र मुलीचा स्वतःहून लिहायचा उत्साहच जातो. आजीला पत्र लिही म्हटलं की दोन पानं भरते, चुकांसकट. त्या पानांवर लाल पेन चालवायला माझा हात धजत नाही.

महाराष्ट्राबाहेर कुणी मुलांना घरी मराठी लिहायला शिकवलंय का? कोणती पुस्तकं, कोणत्या क्रमाने? चुका त्याच दिवशी दाखवता की नंतर वेगळ्या बसून? मुलाला आत्ताच सुरुवात करू, की आधी हिंदी पक्कं होऊ देऊ?