केनियाचा ईटीए: स्वतः काढावा की एजंटला द्यावा?

ठाणेकर_सून: सप्टेंबरात मसाई मारा करायचंय, मी, नवरा आणि सासू-सासरे, मुंबई-नैरोबी. व्हिसा बंद झाला आणि आता ईटीए (म्हणजे निघण्याआधी ऑनलाइन घ्यायची प्रवासाची परवानगी) काढावा लागतो एवढं कळलं, पण गुगल केलं की ढीगभर साइट येतात, सगळ्यांवर केनियाचा झेंडा आणि प्रत्येकीचे पैसे वेगळे. इथला एजंट माणशी सात हजार म्हणतोय. घरबसल्या होतं का हे? आणि सासूबाईंच्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये त्यांचं आणि सासऱ्यांचं नाव एकत्र आहे, ते फॉर्ममध्ये कसं भरायचं?

जंगलवेडा: सात हजार?? अहो सरकारी फी ३० डॉलर आहे, वर कार्डाचे थोडे चार्जेस. पत्त्याच्या शेवटी गो डॉट केई असेल तीच सरकारी साइट, बाकीचे तोच फॉर्म तुमच्याकडून भरून घेतात आणि मधले पैसे खातात. जानेवारी २०२४ पासून ही पद्धत आहे. पासपोर्टचा स्कॅन, फोटो, हॉटेल बुकिंग, जाण्यायेण्याची तिकिटं एवढं हाताशी ठेवून बसा. तीन दिवस लागतात असं धरून चाला, पण तीन महिने आधीपासून भरता येतो मग शेवटच्या आठवड्याची वाट कशाला बघायची. आणि बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचं इंटरनॅशनल चालू करा आधी, नाहीतर सगळा फॉर्म भरून पेमेंटला घोडं अडतं.

पुणे५२: नावाचं सांगतो. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाला दोन ओळी असतात बघा, मध्ये मध्ये बाणाच्या टोकासारखी खूण असलेल्या. तिथे जसं आहे तसंच भरायचं. म्हणजे गिव्हन नेमच्या रकान्यात सासूबाईंचं आणि सासऱ्यांचं दोन्ही. मिडल नेम वगैरे स्वतःच्या मनाने वेगळं काढू नका. विमानाच्या तिकिटावर पण तेच.

डॉक्टरीणबाई: ईटीए होईल हो, यलो फीव्हरचं कुणी बोलतच नाहीये! केनियाहून परत येताना आपल्याकडच्या विमानतळावर त्याच्या लसीचं कार्ड बघतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं, तेव्हा निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, अपॉइंटमेंट लवकर मिळेल या भरवशावर राहू नका. सासू-सासरे साठीच्या पुढचे असतील तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, या वयात ही लस सरसकट देत नाहीत. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तरी सांगा. माझं ऐकाल तर तिकिटं त्यानंतरच काढा.

ठाणेकर_सून: बापरे, लसीचं एजंटने एका शब्दाने सांगितलं नाही! सासरे ६८ चे आहेत, उद्याच डॉक्टरांकडे नेते. एजंटला नमस्कार. चिवडा-लाडू न्यायला चालतात ना, सासूबाईंची पहिली चौकशी तीच 😄

जंगलवेडा: घरचा कोरडा खाऊ मी दरवेळी नेतो, अजून कुणी हटकलं नाही. पण प्लास्टिकच्या कॅरीबॅगा नको, २०१७ पासून तिथे बंदी आहे आणि दंड जबर. डबे, कापडी पिशव्या न्या. ड्युटी फ्रीची पिशवी पण विमानतळावरच सोडा. अभयारण्यात २०२० पासून एकदाच वापरायच्या बाटल्यासुद्धा चालत नाहीत, स्टीलची बाटली घ्या प्रत्येकी एक.